आधी थांबायची सोय

साठीच्या सुमारास माणसाने नवे काही शिकायला घेऊ नये, असे आमच्याकडे म्हणतात. शिकायचेच असेल तर गीता शिकावी, ब्रिज शिकावा, फार तर पेटी शिकावी. म्हणजे चुकले तरी शेजाऱ्यापलीकडे कोणाला इजा होत नाही. मी मात्र गेल्या वर्षी मोटारीचे ब्रेक शिकायला घेतले. अर्थात मूळची हौस ब्रेकची नव्हती, हे आधीच कबूल करतो. हौस होती गाडी सुरू करण्याची.

गाडी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९६८ सालची फियाट अकराशे डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून हे मॉडेल बनू लागले. पुढे तेच थोड्याफार फरकाने 'पद्मिनी' नावाने नांदले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर राहिले. १०८९ सी. सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गियर आणि पुढे बाकासारखी सलग सीट. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायचे ते दिवस. साताऱ्यात वकिली करणाऱ्या नानांनी ती घेतली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो.

नाना गाडीला कोणाचा हात लागू देत नसत. मला ती धुवायची परवानगी होती, तीही बाहेरून. अठरा पूर्ण होताच मी गाडी शिकवा म्हणून मागे लागलो, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. कारण सांगितले नाही. वकील असून ते घरात कारणे कधी देत नसत. ती सगळी कोर्टातच खर्ची पडत असावीत. मी रागारागाने एका मित्राच्या जीपवर शिकलो, पण फियाटच्या चाकाला नाना असेपर्यंत हात लावला नाही.

त्यांच्या चालवण्याची आम्ही पोरे मागे चेष्टा करीत असू. गाडी फाटकापर्यंत न्यायची, तिथे एकदा थांबवायची आणि मगच रस्त्यावर घ्यायची, हा त्यांचा नेम. समोर मांजर नसो की माणूस नसो, फाटकाशी ब्रेक लागायचाच. एकदा मी विचारले होते, ''नाना, गाडी चालवायला काढलीय की थांबवायला?'' ते काही बोलले नाहीत. मला वाटले, मी जिंकलो.

२००३ साली नानांनी गाडी चालवणे सोडले, २००८ साली ते गेले. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. तिच्या मागच्या सीटवर आमच्या मांजरीच्या निदान चार पिढ्या जन्मल्या. मी शाळेत बत्तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालो, आणि वर्षभर वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून काढल्यावर एके दिवशी ताडपत्री ओढली.

गावात एक जुने मिस्त्री आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. गॅरेज आता मुलगा चालवतो आणि गाडीचा रोग संगणकाला विचारतो. मिस्त्री आले, त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून खाली पाहिले आणि विचारले, ''काय करायचं म्हणता, सर?''

''चालू करायची.''

''चालू काय, हुतीया की. इंजिन जाम न्हाई. पर चालू झाल्यावर काय करायचं? आधी थांबायची सोय बगा, मग निघायचं बोला.''

त्यांची अट अशी : दर रविवारी ते येतील, खुर्चीवर बसतील, चहा घेतील, गाडीला हात लावणार नाहीत. ''हात तुमचं, तोंड माजं,'' ते म्हणाले. बत्तीस वर्षे मी याच्या नेमकी उलटी व्यवस्था भोगली होती. तोंड माझे आणि हात पोरांचे.

पहिला धडा जॅकचा. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. गाडी लोखंडी घोड्यांवर पक्की बसल्याशिवाय खाली डोके घालायचे नाही. दुसरा धडा ड्रमचा. चाक काढले की आतला ड्रम गंजून चिकटलेला. तो ठोकून सुटला तेव्हा आत काळीभोर धूळ साचलेली. सवयीने मी फुंकर मारायला गेलो, तो मिस्त्री खुर्चीवरून ओरडले. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की मुक्कामालाच राहते. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडके पिशवीत बांधून ठेवायचे.

मग जे दिसले त्याने मी थोडा शरमलो. पास्कलचा सिद्धांत मी बत्तीस वर्षे फळ्यावर लिहिला : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. पास्कल १६६२ साली वारला आणि त्याचा तो ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला, हेही सांगत आलो. त्याच सिद्धांतावर चारी चाकांना ब्रेक लावणारी डुसेनबर्ग मोटार अमेरिकेत १९२१ साली आली, हे सांगून मुलांना चकित करीत असे. पण तो दाब जिथे राहतो ती जागा मी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पेडलमागे एक मास्टर सिलेंडर, त्यातून निघालेल्या पेन्सिलीहून बारीक नळ्या आणि चाकाशी अंगठ्याएवढे सिलेंडर. पाय दाबला की ब्रेक ऑइल आतल्या दट्ट्यांना ढकलते, दट्टे शूंना आणि शू ड्रमला. बस्स. एवढ्यावर माणसे घाट उतरतात.

शिवाय या गाडीत सगळी वाट एकच. पुढे मोटारींत दोन वेगळ्या वाटा करू लागले, म्हणजे एक फुटली तरी दुसरी अर्धे ब्रेक सांभाळते. आमच्या फियाटमध्ये तसे नाही. एका चाकाशी गळती लागली की चारी चाकांचा ब्रेक जातो. हे मिस्त्रींनी सांगितले आणि मी मान हलवली. त्याचा अर्थ कळायला मला आणखी दोन महिने लागायचे होते.

आतले ऑइल चहाच्या फुळकवणीसारखे तपकिरी झाले होते. हे ऑइल म्हणायचे, पण ते तेल नव्हेच. ते हवेतले पाणी शोषून घेते. चांगल्या नव्या द्रवाला उकळायला दोनशे अंशांच्या वर तापावे लागते; पाणी शिरले की तो बराच आधी उकळतो. घाटात ब्रेक तापले, द्रव उकळला, वाफ झाली, की पास्कलचे राज्य संपते; कारण वाफ दाबली जाते आणि पेडल थेट जमिनीला टेकते. शिवाय तेच पाणी सिलेंडर आतून गंजवते. आमचे दोन सिलेंडर इतके खड्डे पडलेले निघाले की मिस्त्रींनी पाहताच मान फिरवली.

माझा पहिला मोठा पराक्रम इथेच घडला. पुण्याहून रबरी वॉशरांचा संच मागवला होता. बसवण्याआधी ते स्वच्छ असावेत म्हणून मी ते रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले. सकाळी पाहतो तो वॉशर भिजवलेल्या वाटाण्यासारखे टम्म फुगलेले. मिस्त्रींना दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, हीच शिक्षा होती. मग म्हणाले, ''सर, ब्रेकच्या रबराला पेट्रोल चालत न्हाई आन् पेट्रोलच्या रबराला ब्रेकचं ऑइल चालत न्हाई. ह्ये तसंच बसवलं असतं, तर दट्ट्या आत अडकून बसला असता.'' ब्रेकच्या रबराला ब्रेकचाच द्रव किंवा स्पिरिट; पेट्रोल, रॉकेल, ग्रीस वर्ज्य. माझ्या वहीत हे वाक्य तांबड्या शाईने लिहिलेले आहे.

दुसरा संच येईपर्यंत नळ्यांचे काम काढले. ब्रेकची आणि पेट्रोलची, दोन्ही नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात आणि दोन्ही गंजल्या होत्या. नवी नळी केवढी घ्यायची म्हणून नमुना शोधताना मी नानांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात जुने प्लग, पंख्याचा पट्टा, फडक्यात बांधलेले पाने. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला नळीचा वीतभर तुकडा. मध्यावर दुमडलेला आणि दगडाने ठेचून पार चपटा केलेला. नानांसारख्या टापटिपीच्या माणसाने हे भंगार का जपावे, असे वाटले. तरी नमुना म्हणून तो खिशात टाकला.

दुकानात तांब्याची नळी मिळत होती. दिसायला देखणी, हाताने वळणारी. ती घेऊन आलो आणि परत पाठवला गेलो. तांबे गाडीच्या थरथरीने हळूहळू कडक होते आणि एके दिवशी तडकते. ब्रेकला पोलादीच नळी हवी. तिचे टोक छत्रीसारखे फुलवून, कड आत दुमडून दुहेरी करायची असते, म्हणजे नट आवळल्यावर ती जागेवर घट्ट बसते. पहिल्या पाच टोकांना चिरा पडल्या. सहावे टोक सुरेख फुलले. मी ते मिस्त्रींना अभिमानाने दाखवले.

''झ्याक झालंय,'' ते म्हणाले. ''आन् नट?''

नट आधी ओवायचा राहिला होता. दोन्ही टोके फुलल्यावर तो आत जाणार कुठून? मुंडावळ्या बांधून झाल्यावर नवरदेवाच्या डोक्यातून सदरा घालायला निघावे, तशातली गत. नळी कापली, पुन्हा आरंभ केला. हे माझ्याकडून एकूण तीनदा झाले.

पेट्रोलच्या नळीने वेगळी शिकवण दिली. टाकीत बावीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचे वार्निश झाले होते, वासही तसाच. टाकी रिकामी आहे, जरा तापवून साफ करू, असे मी म्हणालो आणि पुन्हा ओरडा खाल्ला. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातकी, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते. ती बाहेर काढून, धुऊन, वाळवून घ्यावी लागली. रबरी जोडनळ्या तर सगळ्याच बदलल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबराला मऊ करून खाते. त्यातले काही इथेनॉल निघते उसापासून. आमच्या जिल्ह्याचा गोडवा आमच्याच गाडीच्या मुळावर यावा, याची गंमत वाटली.

मग एका रविवारी, गाडी घोड्यांवर असतानाच, मिस्त्रींनी इंजिन चालू करायची परवानगी दिली. बावीस वर्षांनी ते खोकले, शिंकले आणि चक्क चालले. मी नातवंड झाल्यासारखा हसलो. दोन मिनिटांनी ते बंद पडले. पुन्हा चालू, पुन्हा बंद. नळी तपासली, कुठे थेंब नाही. मला काही उमगेना.

''थेंब दिसायचा न्हाईच,'' मिस्त्री म्हणाले. ''ब्रेकच्या नळीत दाब असतो, ती भाएर गळती, दिसती. पेट्रोल पंप वढून घेतो. त्या नळीला भोक असलं, तर ती आत हवा घेती. भाएरनं कोरडी ठाक.''

टाकीजवळच्या एका जोडाची पट्टी सैल होती. ती आवळली, आणि इंजिन चालत राहिले.

त्याच दिवशी चहा घेताना माझ्या खिशातला तो चपटा तुकडा मिस्त्रींच्या दृष्टीस पडला. त्यांनी तो घेऊन उलटसुलट पाहिला.

''ह्ये कुठलं?''

''नानांच्या डब्यातलं भंगार.''

''भंगार न्हाई, सर. ही मागच्या आसावरची नळी. एका चाकाचा सिलेंडर गळाया लागला, की त्या चाकाची नळी अशी दुमडून ठेचायची. म्हंजी गळती बंद आन् उरल्या तीन चाकांचा बिरेक ऱ्हातो. गॅरेजात असलं कुनी करत न्हाई. ह्ये वाटंत केल्यालं हाय. जिवावर आल्यावर.''

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. १९७४ सालचा मे महिना. मी नऊ वर्षांचा, बहीण सहाची. आत्याकडे चिपळूणला निघालो होतो. पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर नानांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन थांबवली. ''इंजिन तापलंय. गाडीला जरा दम खाऊ दे. जा, करवंदं काढा,'' ते म्हणाले. आम्ही तास-दीड तास करवंदे खाल्ली, शर्ट डागाळले. नाना गाडीखाली होते. मला आठवतो तो दगडाचा ठकठक आवाज आणि नंतर बैलगाडीच्या वेगाने उतरलेला घाट. मी कंटाळून म्हटले होते, ''नाना, जोरात घ्या ना!'' चिपळूणला दुसऱ्या दिवशी ते सकाळी गाडी घेऊन गेले, ते संध्याकाळी आले. आमच्या लेखी त्या प्रवासात काहीच घडले नव्हते. माझ्या आयुष्यातला तो करवंदांचा घाट होता.

फाटकाशी थांबण्याचा नेम त्यानंतरचा असला पाहिजे. आणि मी विचारले होते, गाडी चालवायला काढलीय की थांबवायला!

शेवटचे काम ब्रेकमधली हवा काढण्याचे. नळ्यांत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल लोण्यासारखे मऊ लागते. त्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाशी निपल सोडून हवा जाऊ द्यायची आणि पेडल वर येण्याआधी निपल आवळायचे. सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची. आमच्या गाडीत ते मागचे डावे. आसावर दोन नळ्या निघतात, त्यातली डावीकडची नळी त्याच तुकड्याच्या जाडीची होती. नळी कोणत्या चाकाची होती, हे सांगायला कोणी नाही. पण तिथे हात लागला की मी थोडा थांबत असे.

पेडलवर आमचे कुटुंब बसले होते. मी खालून ओरडत होतो, ''दाब! दाब! दाब! धर!... सोड!'' ''अहो, शेजारी ऐकताहेत,'' असे वरून येत होते. निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे निघत होते. आई, वय चौऱ्याऐंशी, ओट्यावर खुर्ची टाकून हा सोहळा पाहत होती.

तिसऱ्या चाकाला आलो असेन. आई एकदम म्हणाली, ''अस्संच दाबत होते हे. त्या कुंभार्ली घाटात.''

मी गाडीखालून बाहेर आलो. ''तुला ठाऊक होतं?''

''शेजारी मीच बसले होते ना रे? पाळणा हलवावा तसा पाय चालला होता ह्यांचा. आणि तोंडानं मला सांगत होते, वन्संकडे यंदा फणस किती लागले असतील.''

''मग तू काही बोलली का नाहीस?''

''काय बोलायचं? बोलले असते तर त्यांना गाडी आणि मी, दोन्ही सांभाळावी लागली असती. मी फणसांचंच बोलत राहिले.''

''आणि नंतर?''

''नंतर काय? त्यांना वाटत होतं, मला कळलं नाही. वाटू दिलं.'' ती थोडी थांबली. ''तुला गाडी शिकवायला नाही म्हणाले ना, तेव्हा मात्र मी भांडले होते हो. तर म्हणाले, त्याला वेग आवडतो. त्याला ब्रेक आवडायला लागला की आपणहून शिकेल.''

मी पुन्हा गाडीखाली गेलो. चौथे चाक राहिले होते, आणि शिवाय तिथे कोणाला माझे तोंड दिसत नव्हते. चौतीस वर्षे त्या दोघांनी ती गोष्ट आपापल्या बाजूला धरून ठेवली, नाना गेल्यावर आणखी सतरा वर्षे आईने एकटीने धरली, आणि एक थेंब बाहेर आला नाही. मी मात्र एका नकाराचा राग चाळीस वर्षे गळत ठेवला होता.

गाडी आता शेडबाहेर येते. नोंदणीचे नूतनीकरण व्हायचे आहे, त्यासाठी तपासणी होईल, ब्रेकही बघतील. तोवर आमचा प्रवास घरापासून फाटकापर्यंत. मिस्त्रींनी आधी स्वतः चालवून पाहिली आणि काहीही न बोलता किल्ली माझ्या हातात दिली. नळीचा तो तुकडा मी पुन्हा कागदात गुंडाळून डब्यात ठेवला.

पहिल्या फेरीला आईला पुढे बसवले. पंचवीस-तीस पावलांची वाट. फाटक आले, मी पाय दाबला, आणि गाडी चारी चाकांवर सरळ, शांत उभी राहिली. आई समोर बघत नव्हती. खाली वाकून माझ्या पायाकडे बघत होती.

''एकदाच दाबलास ना?''

''एकदाच.''

''मग ठीक आहे,'' ती म्हणाली, आणि सीटला पाठ टेकून बसली.